बाहेरगावी ताजी फुलं पाठवायची आहेत: वेबसाइट की तिथलाच फुलवाला?

दूरदेशी
मंडळी, थोडा सल्ला हवाय. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, येत्या आठवड्यात घरी सोडतील. मला लगेच जाणं जमणार नाही. फुलांची तिला भारी हौस, म्हणून एखादी छान ताज्या फुलांची रचना पाठवावी असं मनात आहे. ती राहते त्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नाही. नेटवर शोधलं तर ढिगानं साइट्स दिसतात, ‘आज ऑर्डर, आजच डिलिव्हरी’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे निम्म्या साइट्सवर तोच तो फोटो. नक्की कुणावर भरवसा ठेवायचा? काय मागवायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाचकाहीतरी
फुलं चार दिवसांत सुकणार. त्यापेक्षा कुंडीतलं रोप पाठवा, वर्षभर आठवण राहील.

चाफेकळी
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला वाकून पाणी घालायला लावणार का? काहीही हं!
दूरदेशी, फुलंच पाठवा. सुकतात हेच तर त्यांचं बरं असतं, ठेवायचं कुठे हा प्रश्न उरत नाही.

पाऊणतास
फोटो तोच का दिसतो ते सांगतो. त्या साइट्सपैकी बऱ्याच जणांकडे फूलच नसतं. ना दुकान, ना कात्री, ना बादली. ते ऑर्डर घेतात, आपला वाटा काढून घेतात आणि उरलेल्या पैशांत ती ऑर्डर त्या गावातल्या कुठल्या तरी दुकानाकडे सरकवतात.

मूळ कल्पना वाईट नाही, जुनी आहे. फुलं प्रवासात टिकत नाहीत, मग फुलं न पाठवता निरोप पाठवायचा, फुलं तिकडच्या दुकानदारानं द्यायची. बर्लिनमध्ये १९०८ साली फुलवाल्यांनी अशी आपसातली संघटना काढली, तीच पुढे फ्लोरोप झाली. अमेरिकेत १९१० साली ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’ निघाली. नावातच तार आहे बघा. पण त्यात दोन्ही टोकांना खरे दुकानदार होते, आपल्या गावातल्या माणसाला नाराज करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. आताच्या पुष्कळ साइट्सच्या एका टोकाला फक्त जाहिरात असते.

ओळखायचं कसं: पत्त्यात गल्लीचं नाव नाही, दुकानाचा बाहेरून काढलेला फोटो नाही, आणि एकच साइट शंभर गावांत ‘तुमच्या जवळचं दुकान’ म्हणवते. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तीच रचना तीन खंडांत विकायला असते.

हिशेबनीस
माझा अनुभव असाच. एका वेबसाइटवरून पाठवलेला बुके फोटोत भरगच्च, आणि घरी पोचला तो अर्धा पाला, अर्धा चकचकीत कागद. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तक्रार केली तर ‘हंगामानुसार बदल होऊ शकतो’ अशी बारीक अक्षरातली ओळ दाखवली.

कात्रीवाली
नमस्कार. एरवी इथे वाचनमात्र असते, पण हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे राहवलं नाही. फुलांचं दुकान आहे माझं.

हिशेबनीस, तुमचा तो बुके ज्या दुकानात बांधला गेला तिथलं चित्र सांगते. आमच्या मशीनवर ऑर्डर येते. सोबत फोटो आणि रक्कम. ग्राहकानं जे भरलं त्यातला साधारण पाचवा भाग, कधी त्याहूनही जास्त, वाटेतच गेलेला असतो. घरपोच द्यायचा खर्च आमच्या वाट्यातून. आता उरलेल्या पैशांत फोटोतली बारा फुलं बसत नाहीत. मग दुकानदार दोनपैकी एक करतो: ऑर्डर परत पाठवतो, नाहीतर आठ फुलं आणि भरीला पाला घालून वेळ मारून नेतो. कारागीर तोच असतो हो. त्याच रकमेची ऑर्डर थेट आली असती तर त्यानंच बारा घातली असती.

म्हणून दूरदेशी, सरळ मावशीच्या गावातल्या दुकानाला फोन करा. नकाशावर बघा, लोकांनी स्वतः काढलेले फोटो बघा, दुकानानं टाकलेले नाही. मग सकाळी उशिरा फोन करा. अगदी सकाळी माल आलेला असतो, हात बादलीत असतात, तेव्हा कुणी धड बोलत नाही.

आणि फोनवर फुलांची नावं सांगत बसू नका. हे सांगा: किती खर्च करायचाय, त्यात डिलिव्हरी धरून की सोडून. कुणाला. कशासाठी. त्यांना भडक रंग आवडतो की फिका. वास चालतो का. घरात मांजर किंवा लहान मूल आहे का. ठेवायला जागा केवढी. आणि शेवटी विचारा, ‘आज तुमच्याकडे चांगलं काय आलंय?’ या एका प्रश्नावर समोरच्याचा आवाज बदलतो, बघाच.

दूरदेशी
कात्रीवाली, मनापासून आभार. पण एक शंका. फुलं दुकानदारावर सोडली तर तो उरलंसुरलं खपवणार नाही का? मी तर तिथे बघायलाही नाही.

हिशेबनीस
+१. हेच विचारणार होतो. ‘तुमच्या मनासारखं करा’ म्हणणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही.

कात्रीवाली
रास्त शंका आहे. असे दुकानदार आहेतच, नाही म्हणत नाही. पण गणित बघा. तुम्ही फोटो बघून पांढरे पिओनी मागितले आणि त्यांचा हंगाम संपत आलेला असला, तर मला कुठून तरी जुना, थंडपेटीत पडून राहिलेला माल उचलावा लागतो. मोकळीक दिलीत तर त्या दिवशी जे सगळ्यात ताजं आणि स्वस्त आलंय ते घालते, त्याच पैशांत फुलं जास्त बसतात. मोकळीक पूर्ण देऊ नका. दोन गोष्टी ठरवून द्या, रंग आणि एक नको असलेलं फूल. आणि निघायच्या आधी फोटो मागा. आम्ही रोज पाठवतो, त्यात कुणाला राग येत नाही.

फोटोत ताजेपणा कसा बघायचा ते सांगते. गुलाबाच्या अगदी बाहेरच्या पाकळ्या थोड्या हिरवट, जाड, सुरकुतलेल्या दिसल्या तर घाबरू नका. त्या कळीचं रक्षण करणाऱ्या पाकळ्या असतात, अनुभवी माणूस त्या शेवटपर्यंत काढत नाही. उलट अगदी गुळगुळीत, बारीक झालेला गुलाब दिसला तर त्याच्या पाकळ्या सोलत सोलत तो इथवर आलाय असं समजा. प्रत्यक्ष हातात असेल तर देठाच्या वर, फुगीर भागाला हलकेच दाबा. घट्ट लागला तर ताजा. शेवंतीचं फूल नाही, पान बघायचं. फूल दोन आठवडे टवटवीत राहतं, पण पान आधी पिवळं पडून चुगली करतं. लिलीत एखादं उमललेलं आणि बाकी कळ्या रंग धरलेल्या हव्यात. सगळ्या उमललेल्या लिली फोटोत झकास दिसतात आणि परवा टाकून द्याव्या लागतात. जरबेऱ्याचा मधला डोळा बघा, त्यात पिवळी पावडर सगळीकडे सुटली असेल तर फूल म्हातारं झालंय.

मांजरसेवक
लिलीचा विषय निघालाच आहे म्हणून ठळक लिहितो. घरात मांजर असेल तर लिली अजिबात पाठवू नका. खरी लिली आणि डे-लिली, दोन्ही मांजराच्या किडन्या निकामी करतात. फूल खायलाच हवं असं नाही. अंगावर पडलेले परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी पुरे. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यायचं, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. पीस लिली आणि कॅला लिली या नावापुरत्या लिली. त्यांनी तोंडात जळजळ होते, लाळ गळते, पण किडनीवर तसा घाला पडत नाही. मात्र फोनवर कोण कुठली लिली म्हणतंय याचा भरवसा नाही, म्हणून मी सरसकट ‘लिली नको’ सांगतो.

पानफुटी
बापरे, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

कात्रीवाली
मांजरसेवकांना अनुमोदन. मांजर नसलं तरी लिलीचे परागकोश उमलल्या उमलल्या चिमटीनं काढून टाकायला सांगा. तो केशरी डाग कपड्यावर पडला तर ओल्या हातानं चोळायचा नाही, चिकटपट्टीनं उचलायचा.

चाफेकळी
माझा मुद्दा वेगळा आहे. पाठवणारा फुलांचा विचार करतो, पण ती घेणाऱ्याचा कुणी करत नाही. नुसता बांधलेला बुके पाठवला तर समोरच्यानं काय करायचं? उठायचं, फुलदाणी शोधायची, ती माळ्यावर असते, देठ कापायचे, कागद आवरायचा. मावशी वॉकर घेऊन चालणार. त्यांना काचेच्या बरणीत पाण्यासकट बसवलेली रचना पाठवा, आणून ठेवली की काम झालं. उंच नको, हलकी आणि बुटकी. आणि तीव्र वासाचं काही नको, औषधांनी आधीच मळमळत असतं.

पाऊणतास
बास्केट पण चालेल की. हिरव्या स्पंजवर बसवलेली.

चाफेकळी
चालेल, पण मला तो स्पंज आवडत नाही. तो फिनॉलचा प्लास्टिक फेस आहे. अमेरिकेत स्मिदर्स नावाच्या गृहस्थांनी १९५४ च्या सुमारास बाजारात आणला, तेव्हापासून जगभरच्या फुलवाल्यांच्या हाताला चिकटलाय. मातीत जिरत नाही, चुरा होऊन पाण्यात जातो. शिवाय त्यात फुलं फुलदाणीतल्यापेक्षा कमी टिकतात.

कात्रीवाली
दोघांचंही बरोबर. मी दुकानात स्पंज कमी करत आणलाय, त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असते ना, तिचा चेंडू करून भांड्यात बसवते. दिसत नाही, धुऊन परत वापरता येते. पण बास्केट हवीच असेल तर नाइलाज असतो.

स्पंजवाली रचना घरी आली तर रोज वरून थोडं पाणी घालायचं, भांड्याच्या काठाशी. आणि एकदा बाहेर आलेलं फूल त्याच भोकात परत खोचायचं नाही. आत हवेची पोकळी राहते, देठ पाण्याला टेकतच नाही आणि फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. दुसरीकडे नवं भोक करायचं. दुकानातला पोऱ्या नवा आहे का हे मी स्पंज भिजवण्यावरून ओळखते. नवखा तो पाण्यात हातानं दाबून बुडवतो. वरून ओला दिसतो, मधोमध कोरडा ठाक. तो पाण्यावर नुसता सोडून द्यायचा, आपला आपण पाणी पीत खाली जातो.

उगाचकाहीतरी
हॉस्पिटलमध्येच पाठवून टाका ना, घरी यायची वाट कशाला बघायची?

मुंग्यांचीरांग
मी रुग्णालयात काम करते. आयसीयूत फुलं घेत नाहीत. प्रत्यारोपण किंवा केमोचे रुग्ण असतात तिथेही नाही, कारण फुलदाणीतलं पाणी म्हणजे जंतूंचं माहेरघर. साध्या वॉर्डातही नियम जागोजागी वेगळे. फुलं खालच्या काउंटरवरच दुपारभर पडून राहतात, कारण वर न्यायला माणूस मोकळा नसतो. तोवर रुग्णाला दुसऱ्या खोलीत हलवलेलं असतं, नाहीतर घरी सोडलेलं. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी फुलं येणं सगळ्यात उत्तम. पहिल्या दिवशी घरात गोंधळ असतो, औषधं, पलंग, येणारेजाणारे.

पानफुटी
थोडं अवांतर, पण ‘स्थानिक फुलवाला’ म्हणजे फुलंही स्थानिक असतात का? मला तसंच वाटायचं.

पाऊणतास
नाही हो, दुकान गावातलं, फूल कुठलंही असू शकतं. युरोपातला पुष्कळ गुलाब केनियातल्या नैवाशा तळ्याच्या काठचा किंवा इथिओपियाचा असतो. अमेरिकेत कोलंबिया आणि इक्वाडोरमधून विमानं भरून येतात. इक्वाडोरचा गुलाब उंच डोंगरावर, विषुववृत्ताजवळ वाढतो, त्यामुळे देठ लांब, सरळ आणि फूल हे एवढं. नेदरलँड्समध्ये आल्समेरला प्रचंड लिलाव चालतो आणि तो आपल्या लिलावाच्या उलटा, भाव वरून खाली उतरत येतो. जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, फार थांबलात तर दुसरा घेऊन जाईल.

कात्रीवाली
आणि हा सगळा प्रवास थंडीत होतो, म्हणून फूल टिकतं. गुलाब, कार्नेशन यांना गोठणबिंदूच्या जरा वरचं तापमान मानवतं. दुकानातली थंडपेटी साधारण १ ते ४ अंशांवर असते. पण अँथुरियम, हेलिकोनिया, बरीचशी ऑर्किड यांना त्याच पेटीत ठेवलं तर काळी पडतात, ती उष्ण प्रदेशातली, त्यांना दहा-बारा अंशांखाली सोसत नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात पाठवायचं असेल तर मी अँथुरियम किंवा ऑर्किड सुचवते. दारात तासभर राहिली तरी तोंड वाकडं करत नाहीत.

तुम्हाला जवळपास पिकलेलीच फुलं हवी असतील तर तसं विचारा. हंगामात मिळतात, आणि देठ थोडे वाकडे असले तरी बघत राहावी अशी असतात.

हिशेबनीस
आता फुलं टिकवायचं सांगा. आमच्याकडे कुणी ॲस्पिरिन टाकतं, कुणी तांब्याचं नाणं.

कात्रीवाली
नाणं पाकिटात ठेवा. देठ पाणी ओढतो तो केसासारख्या नळ्यांतून. त्या दोन गोष्टींनी बुजतात, हवेचा बुडबुडा आणि पाण्यातले जंतू. म्हणून आल्याबरोबर धारदार कात्रीनं देठ दोन सेंटिमीटर तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात. पाण्याखाली येणारी सगळी पानं काढायची, ती कुजली की पाण्याला वास मारतो. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, फुलदाणी साबणानं घासायची, देठ परत जरासा कापायचा. बुकेबरोबर जी पुडी येते तिच्यात तीन गोष्टी असतात: साखर हे फुलाचं अन्न, आम्ल कारण आंबट पाणी देठातून भरभर चढतं, आणि जंतू मारणारं औषध. नुसती साखर घातलीत तर फुलांआधी जंतूंची मेजवानी होते. पुडी नसेल तर नुसतं स्वच्छ पाणी बरं.

सगळ्यांना सारखं पाणी मात्र नको. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवदार, खोल पाण्यात कुजतो, त्याला तीन-चार बोटं पाणी पुष्कळ. हायड्रेंजिया उलट, मान टाकली तर अख्खं फूल अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, पाकळ्यांवाटेही पाणी पितं. डॅफोडिलच्या देठातून चिकट रस निघतो, तो बाकीच्यांचे देठ बुजवतो, म्हणून त्याला आधी काही तास वेगळ्या भांड्यात ठेवायचं आणि नंतर मिसळताना परत कापायचं नाही. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहतात आणि खिडकीकडे वळतात. लोक तक्रार करतात की रचना बिघडली. ती बिघडली नाही, चालायला लागली!

मुंग्यांचीरांग
आणि फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका म्हणतात ते खरं का?

कात्रीवाली
अगदी खरं. पिकणारी सफरचंदं, केळी इथिलीन वायू सोडतात, त्यानं फुलंही ‘पिकतात’. कार्नेशन पाकळ्या आत मिटून घेतं, परत उमलत नाही. गॅसच्या दिव्यांच्या जमान्यात गळक्या नळ्यांमुळे हरितगृहातली कार्नेशन अशी मिटायची. शिकागोमध्ये क्रॉकर आणि नाइट यांनी १९०८ साली याचा छडा लावला, दोषी निघाला इथिलीन. तेव्हा फळं आणि फुलं एकत्र अशी बास्केट पाठवायचा मोह होतो, तो टाळा. आणि घरच्या फ्रिजमध्ये भाजी-फळांच्या सोबत बुके ठेवू नका, त्याच कारणानं.

दूरदेशी
इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोन शेवटचे प्रश्न. वेळ अचूक सांगता येते का? आणि फुलं खराब पोचली तर काय?

कात्रीवाली
अचूक वेळ कुणी कबूल केली तर सावध व्हा. सकाळ किंवा दुपार एवढंच मागा. सणासुदीचे आणि प्रेमाचे जे काही ठरलेले दिवस असतात त्यांच्या आदल्या-नंतरच्या दिवशी पाठवलंत तर फूलही बरं मिळतं आणि हातही मोकळे असतात. घेणाऱ्याचा फोन नंबर द्याच. ‘सरप्राइज आहे, फोन करू नका’ या वाक्यानं जेवढी फुलं दुकानात परत आलीत तेवढी उन्हानंही मेली नसतील. मावशींना सांगायचं नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. इमारतीचं नाव, मजला, लिफ्ट बंद असते का, जवळची खूण, सगळं लिहून पाठवा.

हिशेबनीस
खराब आली तर त्याच दिवशी फोटो काढा आणि फोन करा. तिसऱ्या दिवशी तक्रार करून उपयोग नाही, तोवर कुणी पाणी घातलं नाही हेही कारण असू शकतं. आणि पैसे ज्याला दिले त्याच्याकडेच तक्रार करायची. साइटवरून मागवलं असेल तर दुकानदाराला झापून काय उपयोग, त्याच्यापर्यंत तुमचा पूर्ण पैसा पोचलेलाच नसतो. थेट घेतलं की निदान एकच माणूस जबाबदार.

कात्रीवाली
चांगला दुकानदार बहुतेक वेळा वाद न घालता दुसरी पाठवतो. फक्त खरं सांगा.

चाफेकळी
कार्डावर काय लिहायचं हे कुणी बोललंच नाही. छापील ‘लवकर बरे व्हा’ नको. फोनवर आपलं वाक्य सांगा आणि त्यांना ते परत वाचून दाखवायला लावा. माझ्या मैत्रिणीला ‘तुझीच आठवण येते’ ऐवजी ‘तुझीच अडचण येते’ असं कार्ड मिळालं होतं.

उगाचकाहीतरी
😂 खरं तेच लिहिलं असेल.

कात्रीवाली
वाक्य व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा, आम्ही तेच उतरवतो. आणि खाली नाव घाला. ‘तुझाच’, ‘ओळख पाहू’, ‘तुझी लाडकी’ असलं काही नको. फुलं पोचल्यावर दुकानात जे फोन येतात त्यातले निम्मे ‘अहो, ही पाठवली कुणी?’ असेच असतात, आणि पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय आम्हाला त्याचं नाव सांगता येत नाही.